सुईचा विसावा

शिवणाच्या डब्यातील बहुतेक साधने कापडावर थेट काम करतात. कात्री ते कापते, खडू त्यावर रेघ आखतो, सुई त्यातून दोरा ओढून नेते आणि अंगुस्तान बोटाचे टोक सांभाळत सुईला रेटा देते. पिनकुशन, म्हणजे टाचण्या आणि सुया खोचून ठेवण्यासाठी भुसा, लोकर किंवा तत्सम भरण घालून केलेली लहानशी उशी, मात्र शिवल्या जाणाऱ्या कापडाला कधीच हात लावत नाही. दोन टाक्यांच्या मधल्या वेळेत अणकुचीदार टोकाला सुरक्षित जागा देणे, एवढेच त्याचे काम. या मर्यादित भूमिकेमुळे शिवणकलेच्या इतिहासात त्याच्याकडे दुय्यम किंवा केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहिले गेले. परंतु घडवण्याच्या कौशल्यात जपण्याचे कौशल्य किती खोलवर मिसळलेले असते, हे समजून घ्यायचे असेल, तर या लहान उशीइतका बोलका पुरावा दुसरा सहसा सापडत नाही.

क्विल्ट करणाऱ्या व्यक्तीला हे विशेषत्वाने जाणवते. क्विल्ट म्हणजे लहान लहान तुकडे जोडून केलेले वरचे कापड, मधला कापसाचा किंवा लोकरीचा थर आणि खालचे अस्तर, असे तीन थर टाक्यांनी एकत्र बांधून केलेले पांघरूण. महाराष्ट्रातील गोधडीत जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने एकजीव होतात, तेव्हा मूळ कल्पना हीच असते. क्विल्टचे तुकडे जोडताना शिवणीची रेघ दुसऱ्या तुकड्याच्या रेघेशी तंतोतंत जुळावी लागते, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर टाचणी लावली जाते आणि शिवण तिथवर पोचताच ती काढली जाते. पुढे तीन थर एकमेकांवर अंथरल्यावर ते सरकू नयेत यासाठी मोठ्या डोक्याच्या, नेहमीपेक्षा लांब टाचण्या लागतात. प्रत्यक्ष टाके घालताना आखूड सुया वापरल्या जातात आणि दर वेळी काम थांबू नये म्हणून त्यांतील अनेक सुया आधीच दोरा ओवून तयार ठेवाव्या लागतात. अशा कामात टाचणीचा हातात येण्या-जाण्याचा फेरा दिवसभर चालू असतो. एखादी टाचणी थरांमध्ये राहून गेली, तर ती पुढे पांघरणाऱ्याच्या अंगाला बोचते किंवा शिवणयंत्राची सुई मोडते. त्यामुळे काढलेली प्रत्येक टाचणी ठरलेल्या जागी परत जाणे ही या कलेतील मूलभूत शिस्त आहे आणि त्या शिस्तीचे ठिकाण म्हणजे पिनकुशन.

या वस्तूचे खरे मर्म तिच्या भरणात असते. बाहेरचे रेशीम किंवा मखमल डोळ्यांत भरते, पण सुई आत कशी शिरेल, किती घट्ट उभी राहील आणि महिन्याभराने कोणत्या स्थितीत बाहेर येईल, हे आतला पदार्थ ठरवतो. लाकडाचा भुसा दाबून भरला की वजनदार, घट्ट उशी तयार होते. धान्याचा कोंडा मऊ असतो, पण त्याला कीड लागते आणि उंदीरही येतात. अक्रोडाच्या कवचाचा बारीक चुरा जड असल्यामुळे उशी मेजावर स्थिर राहते. लोकरीचे महत्त्व वेगळे आहे: मेंढीच्या लोकरीत लॅनोलिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, जो पोलादावर अत्यंत पातळ लेप देतो, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्क्यांपर्यंत ओलावा ओलसर न भासता शोषून घेऊ शकते. पाण्याची वाफ पोलादावर साचली की गंज धरतो, आणि गंजलेली सुई कापडातून जाताना अडते, धागे ओढते, पांढऱ्या कापडावर तांबूस डाग ठेवते. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना सुई कोरडी ठेवणे हा शिवणकामाचाच भाग का मानावा लागतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पूर्वी पाश्चात्त्य घरांत काही स्त्रिया विंचरताना निघालेले केसही भरणात वापरत, कारण केसांतील तेलकटपणा हेच काम करी.

पाश्चात्त्य पिनकुशनचे सर्वांत परिचित रूप म्हणजे लाल टोमॅटो आणि त्याला दोरीने बांधलेली छोटी स्ट्रॉबेरी. नवीन घरात चुलाण्यावरच्या फळीवर टोमॅटो ठेवला की अनिष्ट शक्ती दूर राहतात, आणि हंगाम नसताना त्याऐवजी कापडी टोमॅटो ठेवला जाई, अशी कथा या आकाराविषयी सांगितली जाते. तिला लोककथेहून अधिक वजन देण्याचे कारण नाही. स्ट्रॉबेरीचे प्रयोजन मात्र पूर्णपणे व्यावहारिक आहे. तिच्यात एमरीची पूड असते. एमरी म्हणजे कुरुंद हे अतिशय कठीण खनिज आणि लोहखनिज यांचे नैसर्गिक मिश्रण. ग्रीसमधील नॅक्सॉस बेट त्याच्या खाणींसाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. खनिजांच्या काठिण्याच्या मोस श्रेणीत हिऱ्याला 10 आणि कुरुंदाला 9 हे स्थान असल्याने पोलादी सुई या पुडीत दोन-चार वेळा खुपसून काढली, की तिच्यावरचा गंज आणि घामाचा चिकटपणा खरवडला जातो आणि ती पुन्हा गुळगुळीत होते. थोडक्यात, मोठी उशी सुईला सांभाळते आणि तिच्या शेजारचे लहान फळ सुईला पुन्हा कामाजोगे करते. धार राखण्याची ही व्यवस्था शोभेच्या आकारात इतकी बेमालूम मिसळली आहे, की टोमॅटो विकत घेणाऱ्या अनेकांना स्ट्रॉबेरीचा उपयोग ठाऊकच नसतो.

जपणुकीची ही काळजी समजण्यासाठी टाचणीचे जुने मोल लक्षात घ्यावे लागते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपात टाचणी केवळ शिवणाऱ्यांची वस्तू नव्हती. गळपट्टी, ओढणी, झग्याचे भाग हे सारे अंगावर टाचण्यांनीच बसवले जात, त्यामुळे प्रत्येक घरात तिची सततची गरज असे. पितळेची तार ओढायची, सरळ करायची, तोडायची, एक टोक घासायचे, दुसऱ्या टोकावर तारेच्याच वेटोळ्याचे डोके बसवायचे आणि शेवटी कथिलाचा मुलामा द्यायचा, अशी ही लांबलचक हातमेहनत होती. डोकी नीट न बसवलेल्या टाचण्यांचा त्रास इतका होता, की 1543 मध्ये इंग्लंडच्या संसदेने डोके दांड्याला पक्के जोडलेले असावे असा कायदाच केला. फ्रान्समध्ये दिदरोच्या विश्वकोशाच्या 1755 मध्ये निघालेल्या पाचव्या खंडाने टाचणी करण्याच्या 18 क्रिया वर्णिल्या. ॲडम स्मिथने 1776 च्या आपल्या अर्थशास्त्रीय ग्रंथात श्रमविभागणी समजावण्यासाठी हेच उदाहरण निवडले आणि 10 माणसे कामे वाटून घेऊन दिवसाला 48,000 टाचण्या करू शकतात, तर त्यांतील एकट्या, अप्रशिक्षित माणसाला दिवसात 20 सुद्धा जमणार नाहीत, असे दाखवले. अर्थशास्त्राने टाचणीच्या निर्मितीची अशी काटेकोर मोजदाद केली. कारखान्यातून बाहेर पडलेली टाचणी घराघरांत कोणी, कशी आणि किती वर्षे टिकवली, याचा हिशेब मात्र कोणत्याही ग्रंथात आला नाही. तो हिशेब पिनकुशनमध्ये आहे.

त्या काळची पिनकुशने म्हणूनच अंगाशी राहणारी होती. अठराव्या शतकात कमरेला साखळीने किंवा फितीने टांगलेला, घट्ट भरलेला लहान गोळा प्रचलित होता. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये क्वेकर पंथीयांनी 1779 मध्ये स्थापन केलेल्या ॲकवर्थ शाळेतील मुली असे गोळे अतिशय बारीक रेशमी धाग्याने विणत. त्यांवर भौमितिक आकृत्या, आद्याक्षरे, वर्ष आणि कधी शाळेचे नाव असे, आणि ते मैत्रिणींना किंवा नातलगांना भेट दिले जात. साधेपणा हा ज्या पंथाचा आचारधर्म होता, त्याने अलंकारासाठी निवडलेली जागा ही अशी उपयोगाची होती, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शाळकरी मुलीला त्या विणीतून मोजणी, सममिती आणि चिकाटी शिकवली जात होती, आणि शिकून झाल्यावर हाती येणारी वस्तू आयुष्यभर उपयोगी पडणारी होती.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. न्यूयॉर्कच्या निराधारगृहात डॉक्टर असलेल्या जॉन आयर्लंड हाउ याने तेथील रहिवाशांना हाताने टाचण्या करताना पाहिले आणि त्या करणाऱ्या यंत्राचे पहिले पेटंट 1832 मध्ये व सुधारित यंत्राचे 1841 मध्ये मिळवले. कनेक्टिकटमधील डर्बी येथे त्याचा कारखाना चालला. टाचणी स्वस्त झाली, कागदाच्या पट्टीवर ओळीने लावून विकली जाऊ लागली, आणि तिला चोरापासून किंवा हरवण्यापासून जपण्याची निकड उरली नाही. अशा वेळी पिनकुशन नाहीसे व्हायला हवे होते; घडले ते उलट. ते कमरेवरून आणि डब्यातून बाहेर आले, मेजावर आणि दिवाणखान्यात गेले, मोठे झाले आणि नाना रूपे घेऊ लागले. कनेक्टिकटमधीलच मेरिडनच्या चार्ल्स वॉटरमनने 1853 मध्ये शिवणपक्ष्याचे पेटंट घेतले. मेजाच्या कडेला शिकंज्याने बसवलेल्या या धातूच्या पक्ष्याची शेपटी दाबली की चोच उघडते, तिच्यात कापडाची कड धरली की शिवणारीला ते ताणून दुमड घालता येते, आणि पक्ष्याच्या पाठीवर छोटी उशी असते. पुढे बर्मिंगहॅमच्या चांदीकारागिरांनी डुक्कर, हत्ती आणि कोंबडीची पिल्ले यांच्या पाठीत मखमली उश्या बसवल्या, तर जर्मनीत चिनी मातीच्या, फक्त कमरेपासून वरच्या भागाच्या बाहुल्या तयार होऊन त्यांच्या फुगीर झग्याची उशी केली गेली. आज संग्राहक ज्यांच्या शोधात असतात, त्यांपैकी बहुतेक पिनकुशने टाचणी स्वस्त झाल्यानंतरच्या या काळातील आहेत.

या उशीला आणखी एक काम होते: निरोप पोचवण्याचे. इंग्लंड आणि अमेरिकेत बाळाच्या जन्मानंतर पांढऱ्या साटिनच्या उशीवर टाचण्याच अशा खोचल्या जात, की त्यांच्या डोक्यांच्या ठिपक्यांतून फुले, वेली आणि नव्या पाहुण्याचे स्वागत करणारी अक्षरे उमटत. ही पद्धत टाचणी महाग असतानाच्या काळापासून चालत आली होती; बाळाचे कपडे आणि लंगोट टाचण्यांनीच बांधले जात असल्याने ती खरोखर उपयोगाची भेट होती. परंतु प्रसूतीपूर्वी अशी टोके घरात आणली तर वेणा वाढतात, अशी समजूत होती, म्हणून ही उशी बाळ सुखरूप आल्यानंतरच दिली जाई. आई आणि मूल दोघांचेही जगणे अनिश्चित असलेल्या काळात ती भेट म्हणजे संकट टळल्याची सार्वजनिक खूण होती. वॉल्टर हंट याने 1849 मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि टोक झाकणारी ती पिन बाळंतिणीच्या खोलीत पोचल्यावर या उश्यांचे प्रयोजन हळूहळू संपले. जुनी उशी उरली, पण तिच्यावरची एकही टाचणी आता काढता येत नाही, कारण काढली तर मजकूर मोडतो.

निरोपापेक्षाही गंभीर कथा उत्तर अमेरिकेतील हॉडेनोशोनी लोकांच्या मणीकामात आहे. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा हा संघ. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर त्यांच्या जमिनीचा फार मोठा भाग हातातून गेला आणि उपजीविकेची जुनी साधने तुटली. त्या परिस्थितीत स्त्रियांनी युरोपातून येणाऱ्या काचमण्यांचे काम हे कमाईचे साधन बनवले आणि नायगारा धबधब्यावर येणाऱ्या प्रवाशांना त्या पिनकुशने विकू लागल्या. मॉन्ट्रियलजवळच्या काहनावाके येथील मोहॉक स्त्रियाही याच व्यवसायात होत्या. त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे उठावदार मणीकाम. दोन टोकांमधल्या अंतरापेक्षा अधिक मणी दोऱ्यात ओवले, की ती ओळ कापडावर सपाट न बसता कमानीसारखी वर उचलली जाते, आणि अशा कमानी शेजारी शेजारी घातल्या की पाने व पाकळ्या पृष्ठभागातून उगवल्यासारख्या दिसतात. हृदय, बूट, पक्षी अशा आकारांच्या, भुशाने भरलेल्या या मखमली उश्या व्हिक्टोरियन घरांत पोचल्या. प्रवाशांच्या आवडीनुसार आकार बदलले म्हणून पुष्कळ काळ जाणकारांनी त्यांना अस्सल परंपरेबाहेरची, बाजारासाठी केलेली किरकोळ वस्तू ठरवले. तो निर्णय अन्यायाचा होता. ज्या कलेने घर चालवले, मुलींना शिकवणाऱ्या आईचा हात टिकवला आणि जमीन गेल्यावरही समाजाची ओळख हातातून जाऊ दिली नाही, ती बाजारात विकली गेली एवढ्याने कमअस्सल ठरत नाही. 1999 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकॉर्ड संग्रहालयाने आणि नायगारा विद्यापीठाच्या कास्टेलानी कलासंग्रहालयाने मूलनिवासी संस्थांच्या सहभागाने या मणीकामाचे मोठे प्रदर्शन उभे केले, तेव्हा या दृष्टीला उशिरा का होईना मान्यता मिळाली.

पहिल्या महायुद्धात हीच उशी पुरुषांच्या हातात गेली. जखमी होऊन रुग्णालयात पडलेल्या ब्रिटिश सैनिकांनी आई, बहीण किंवा प्रेयसीसाठी हृदयाच्या आकाराची, भुशाने भरलेली जड पिनकुशने केली; त्यांवर पलटणीचे चिन्ह, सिगारेटच्या पाकिटातून मिळणारी छापील रेशमी चित्रे, झालर आणि टाचणीने रोवलेले काचमणी असत. या उश्यांत टाचणी ठेवण्याची सोय जवळजवळ उरलीच नव्हती, कारण प्रत्येक टाचणी मणी धरून कायमची रुतलेली होती. तरीही त्यांना निरुपयोगी म्हणता येत नाही. बंदुकीची सवय झालेल्या आणि दुखापतीने थरथरणाऱ्या बोटांना एक मणी, एक टाचणी, नेमकी एक जागा, असे संयमाचे काम त्यांनी दिले, आणि शिवणकाम हे स्वभावतःच बायकांचे असते, हा समज किती उथळ आहे, याचा पुरावाही मागे ठेवला.

टोकाला मऊ जागा देण्याच्या कल्पनेला जपानमध्ये धार्मिक विधीचे रूप मिळाले आहे. हारी-कुयो या नावाने ओळखला जाणारा हा विधी टोकियो परिसरात 8 फेब्रुवारीला आणि पश्चिमेकडील कानसाई भागात मुख्यतः 8 डिसेंबरला होतो. किमोनो शिवणारे कारागीर आणि घरी शिवणाऱ्या स्त्रिया वर्षभरात मोडलेल्या व वाकलेल्या सुया देवस्थानात आणतात आणि तोफूच्या किंवा कोन्न्याकू नावाच्या कंदापासून केलेल्या मऊ वडीत त्या खोचतात. कठीण कापडात वर्षभर राबलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी, हा त्यामागचा भाव. टोकियोतील सेन्सो-जी मंदिराच्या आवारातील आवाशिमा देवळात हा विधी आजही पाहता येतो. महाराष्ट्रात खंडेनवमीला शिंपी आपले यंत्र आणि कात्री पुसून, हळदकुंकू वाहून पूजतात, त्यामुळे अवजाराविषयीची कृतज्ञता मराठी वाचकाला परकी नाही. फरक एवढाच, की खंडेनवमीला चालत्या अवजाराचा मान होतो आणि हारी-कुयोत मोडलेल्याचा. दोन्ही प्रथा एकत्र ठेवल्या, की अवजाराचे संपूर्ण आयुष्य नजरेसमोर येते.

पिनकुशन जमवणाऱ्याला या साऱ्या अर्थांची जबाबदारी घ्यावी लागते, आणि ती प्रथम वस्तूच्या शरीराशी निगडित असते. जुनी उशी पाण्याने धुता येत नाही, कारण भुसा आणि कोंडा फुगतो, कुजतो आणि त्याचे डाग वर येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुष्कळसे रेशीम वजनदार वाटावे म्हणून कथिलाच्या क्षारांत भिजवलेले असे, आणि असे रेशीम कालांतराने आपोआप चिरफळत जाते. म्हणून संग्रहालये कापडी वस्तूंवरचा प्रकाश साधारण 50 लक्स इतका मंद ठेवतात आणि हवेतील ओलावा स्थिर राहील याची काळजी घेतात. रुतलेली गंजकी टाचणी उपटली तर तिच्याभोवतीचे तंतूही तुटून येतात. ठेवली तर गंज पसरतो. प्रत्येक वस्तूपुरता यांतील एक पर्याय विचारपूर्वक निवडावा लागतो. शिवाय सुईला टाचणीसारखे डोके नसल्यामुळे ती दाबता दाबता भरणात पूर्ण बुडून जाते, आणि जुन्या टोमॅटोची शिवण उसवली तर आतून अनेक हरवलेल्या सुया निघतात. वस्तूच्या मूळ मालकिणीने वापरलेल्या सुयांची जाडी, म्हणजेच ती कोणत्या प्रकारचे शिवण करीत होती याची खूण, त्या भुशात शिल्लक राहिलेली असते.

चांदीच्या हत्तीवर कारागिराचा आणि शहराचा शिक्का असतो, त्यामुळे त्याचा इतिहास शोधता येतो. घरी केलेल्या उशीवर सहसा कोणाचेच नाव नसते. संग्रहाची बाजारपेठ स्वाभाविकपणे पहिल्या प्रकाराला अधिक किंमत देते. परंतु ज्ञानाच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक तातडीचा आहे, कारण तो कोणी केला, कशाने भरला, कोणत्या कपड्याचा उरलेला तुकडा त्याला लावला, ही माहिती एका पिढीच्या तोंडून दुसऱ्या पिढीच्या कानी पोचली नाही, तर कायमची जाते. म्हणून विवेकी संग्राहक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवतो आणि तिच्यावर करणारीचे नाव, गाव, अंदाजे वर्ष आणि भरणाचा पदार्थ लिहितो. क्विल्ट करणाऱ्यांमध्ये नवी पिनकुशने घरीच शिवण्याची आणि मैत्रिणींना देण्याची प्रथा आजही जोमात आहे. मोठ्या क्विल्टमधून उरलेले तुकडे त्यांत वापरले जातात आणि नवशिक्या हातांना अचूक कोपरे जुळवण्याचा सराव होतो. ही नवी उशी मेजावर झिजू द्यावी आणि जुनी कपाटात जपावी, हा व्यवहार योग्य आहे, कारण वापर थांबला तर भरणाचे ज्ञान संपते आणि जतन थांबले तर पुरावा संपतो.

कापडाच्या इतिहासात पूर्ण झालेल्या वस्तूंचा, म्हणजे पैठणीचा, क्विल्टचा, भरतकामाचा गौरव होतो, आणि तो व्हायलाच हवा. तरीही प्रत्येक पूर्ण वस्तूच्या मागे असंख्य वेळा सुई खाली ठेवली गेलेली असते, मूल रडले म्हणून, दूध उतू गेले म्हणून, उजेड कमी झाला म्हणून. आणि ठेवलेली सुई सुरक्षित, कोरडी, धारदार सापडली म्हणूनच काम पुन्हा सुरू झालेले असते. घरकाम सांभाळून शिवणाऱ्या स्त्रियांचे सर्जन असे तुकड्यातुकड्यांनीच झाले, आणि पिनकुशन हे त्या खंडित वेळेला सलग ठेवण्यासाठी त्यांनीच घडवलेले साधन आहे. शिवणकलेचा इतिहास लिहिताना टाक्यांची जशी मोजदाद होते, तशी या जपणुकीचीही व्हावी, आणि तिची नोंद कलेच्या बाहेरची सोय म्हणून न होता कलेचेच एक अंग म्हणून व्हावी.